तळ्याला काठ असतो

जून २०२४. शाळा आदल्याच दिवशी उघडल्या होत्या. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात गेलो, तेव्हा मुलांचे लक्ष आमच्यापेक्षा नव्या पुस्तकांकडेच अधिक होते. आठवीतील एका मुलीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एक चित्र आमच्यापुढे धरले. लांब मानेचा एक काळा प्राणी पाण्यातून डोके वर काढून पाहत होता. खाली लिहिले होते, ‘लॉख नेसचा राक्षस’. तिने विचारले, “फादर, नेस हे नाव असेल. पण लॉख म्हणजे काय हो?”

शब्दांचे वेड आम्हांला सेमिनरीपासूनचे. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की आमची कळी खुलते. आम्ही फळ्याकडे वळलो आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, “लॉख म्हणजे तळे. स्कॉटलंड देशात तळ्याला लॉख म्हणतात.”

मागच्या बाकावरून एक बारका आवाज आला, “म्हणजे आपल्या शेततळ्यासारखं?”

वर्ग एकदम गप्प झाला. आम्ही खडू खाली ठेवला. “त्याचे उत्तर पुढच्या रविवारी सांगू,” असे म्हणून आम्ही मुलांना प्रार्थनेसाठी उभे केले. अडचणीतून सुटण्यासाठी धर्मगुरूला प्रार्थनेचा असाही उपयोग करता येतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

वर्ग का गप्प झाला, ते लासलगावातील आमच्या वाचकांना ठाऊक आहे. इतरांना पुढे सांगू. आधी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ या. तिला आम्ही जे सांगितले ते चूक नव्हते. मात्र ते फारच अपुरे होते.

लॉख हा मूळचा गेलिक भाषेतील शब्द. स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाची ही भाषा आयर्लंडहून समुद्र ओलांडून तेथे गेली. खालच्या सखल भागातील लोक स्कॉट्स नावाची, इंग्रजीच्या अधिक जवळची, निराळी बोली बोलतात. त्यांनी डोंगरातल्या शेजाऱ्यांचा हा शब्द जसाच्या तसा उचलला. त्याचा शेवटचा उच्चार पुष्कळ इंग्रजांना जमत नाही. ते ‘लॉक’ म्हणून मोकळे होतात. आपल्याला तो अवघड नाही. जीभ टाळूला पुरती न टेकवता घशातून वारा सोडला की झाले. उर्दू बोलणारे ‘ख़बर’ म्हणताना जो ख काढतात, तोच हा. आयर्लंडमध्ये हाच शब्द निराळ्या अक्षरांनी लिहितात. गंमत अशी की, डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाही स्कॉटलंडमध्ये लॉखच म्हणतात. आम्ही जन्माने वसईचे. आमच्या भाषेत सांगायचे तर खाडी आणि तळे या दोहोंना तेथे एकच नाव!

त्या देशात लॉख हजारोंनी आहेत. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी डोंगर कोरून काढले, बर्फ वितळले आणि त्या दऱ्यांत पाणी साचले. नेसचे लॉख सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे. इंग्लंड आणि वेल्समधील सगळ्या तळ्यांचे पाणी एकत्र केले तरी ते या एका लॉखाएवढे भरत नाही. इतक्या लॉखांच्या त्या मुलखात एक मोठे तळे मात्र इंग्रजी ‘लेक’ हे नाव मिरवते, ते म्हणजे मेन्टीथचे. त्याच्या बेटावर १२३८ साली संत ऑगस्टिनच्या संघाचा मठ स्थापन झाला आणि १५४७ साली लहानग्या राणी मेरीला शत्रूच्या भयाने काही दिवस तेथे लपवून ठेवले होते. तेथे ‘लेक’ कसे आले, याची एक कथा सांगतात. स्कॉट्स बोलीत सखल जमिनीला ‘लाइख’ म्हणतात. मेन्टीथची ती सखल जमीन नकाशे काढणाऱ्यांच्या कानाला ‘लेक’ वाटली आणि त्यांनी तसे लिहून टाकले. सातबाऱ्यावर तलाठ्याने एखादे नाव भलतेच लिहिले की पुढे पिढ्यान् पिढ्या तेच खरे ठरते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

इंग्रजीतला ‘लेक’ मात्र लॉखाचा दूरचा भाऊच आहे. तो लॅटिनच्या ‘लाकुस’वरून फ्रेंचमार्गे आला. पोर्तुगीजांचा ‘लागो’ही त्याचाच. लॅटिनचे ‘लाकुस’, गेलिकचे ‘लॉख’ आणि प्राचीन ग्रीकांचे ‘लाक्कोस’ ही एकाच फार जुन्या कुळातील भावंडे होत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले तळे त्या कुळातले नव्हे. संस्कृत ‘तडाग’, पालीत ‘तळाक’, आणि मग मराठीत ‘तळे’ व ‘तलाव’ अशी त्याची वाट. तळ म्हणजे बूड, म्हणून तळे, असे आम्हांला लहानपणी वाटे. ते खरे नाही.

येथे एक आडवळण. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या प्रारंभी मराठी भाषेच्या घडणीवर आणि प्रसारावर एक विस्तृत टिपण आहे. ते लिहिणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या लॉडर गावचे. १८२९ साली ते मुंबईस आले आणि १८७५ साली तेथेच निवर्तले. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु लॉख म्हणत वाढलेल्या माणसाने आपल्या तळ्या-विहिरींच्या भाषेचा असा अभ्यास करावा, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

सेमिनरीत आमच्या वेळी लॅटिन नावापुरतेच उरले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि लॅटिन परीक्षेपुरते राहिले. तरीही ‘लाकुस’ हा शब्द आमच्या ध्यानात पक्का बसला, कारण परीक्षेत आम्ही त्याच शब्दावर घसरलो. दानिएलला सिंहांच्या गुहेत टाकले, तो उतारा भाषांतरासाठी आला होता. लॅटिन बायबलमध्ये तेथे ‘लाकुस’ आहे. आम्ही दानिएलला खुशाल सिंहांच्या तळ्यात टाकून मोकळे झालो! आमचे वृद्ध प्राध्यापक वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवताना म्हणाले, “दानिएल वाचला, पण सिंह सगळे बुडाले.” नंतर हसू आवरून त्यांनी समजावून सांगितले, की लाकुस म्हणजे तळे हे खरेच, पण लाकुस म्हणजे हौद, टाके, द्राक्षांचा रस साठवण्याचे कुंड आणि खोल खड्डा हेही तितकेच खरे. जुन्या लॅटिन मिस्सेत मृतांसाठी जे अर्पणगीत गात, त्यातही हा शब्द येतो. मृतांचे आत्मे त्या खोल लाकुसमधून सुटावेत, अशी तेथे विनवणी आहे. ग्रीक ‘लाक्कोस’ची गोष्ट अशीच. योसेफाला त्याच्या भावांनी ज्यात लोटले, त्या कोरड्या खड्ड्याला ग्रीक जुन्या करारात लाक्कोस म्हटले आहे.

एकच शब्द जगवणाऱ्या पाण्यालाही आणि गिळणाऱ्या खड्ड्यालाही कसा चालतो, याचे आम्हांला त्या वयात फक्त आश्चर्य वाटले. उत्तरपत्रिकेतील गुण गेले आणि विषय संपला.

वसईला आमच्या घरामागे बावखल होते. वसईबाहेरील वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. ‘बाव’ म्हणजे विहीर, संस्कृतातली ‘वापी’. त्यापुढचा ‘खल’ ऐकला की आम्हांला खळगा आठवतो, कोकणातली खलाटी आठवते. घर बांधायचे, अंगण उंच करायचे, तर माती घरामागच्याच जमिनीतून काढीत. जो खळगा होई, त्यात पावसाळ्यात पाणी भरे. ते गोडे पाणी हळूहळू जमिनीत जिरून आसपासच्या विहिरींना पुरे. समुद्र इतका जवळ असून विहिरी खाऱ्या होत नसत, त्याला हेही एक कारण. रहाटाने ते पाणी वाड्यांना आणि पानवेलींना जाई. आमच्या बावखलाची एक बाजू उताराची होती. म्हशी त्या बाजूने उतरत, बायका तेथेच धुणे धूत आणि आम्ही मुलेही तेथूनच पाण्यात शिरत असू. पाऊल बुडे तेथे चिखल लागे, पुढे घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमरेपर्यंत. आई हाक मारी, “पुढे जाऊ नको रे!” पुढे म्हणजे कुठे, हे पायालाच कळत असे. पोहायला आम्हांला कुणी शिकवले नाही. त्या उताराने शिकवले. पुढे वसईत घरांचे मजले चढू लागले आणि बावखले भरावाखाली जाऊ लागली. उरलेली वाचवावीत म्हणून तेथील माणसे झटत असतात. आमचे मात्र गेले. त्या जागी आता वाहने उभी असतात.

वसईहून लासलगावी आलेल्या माणसाला पहिली ओळख होते ती कांद्याची आणि दुसरी पाण्याच्या चिंतेची. रेल्वेतून उतरले की कांद्याचा वास येतो, बाजार समितीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या रांगा दिसतात, आणि कुणाशीही दोन वाक्ये बोलले की तिसऱ्या वाक्यात पाटाचे आवर्तन कधी, हा विषय निघतो. महाराष्ट्राला निसर्गाने तळी फारशी दिलीच नाहीत. लोणारचे एक सोडले, तर आपले बहुतेक पाणी माणसाने अडवलेले किंवा खोदून काढलेले. येथून जवळ, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला, मागे गाळ साठला, दलदल झाली, पक्षी आले, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जगाने त्याची नोंद घेतली. परदेशी पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडे लॉखासारखे काही असेल, तर ते हेच. पण तेथले पाणी टाकळीच्या नाहीतर विंचूरच्या शेतकऱ्याच्या कांद्याला थोडेच मिळणार?

म्हणून शेततळे आले. २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली आणि पाहता पाहता रानोमाळ निळी-काळी चौकोनी पाणी दिसू लागली. त्यातील मोठ्या मापाचे शेततळे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. कडांचा उतार वजा जाता त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. आमच्या भागातील जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिक अंथरतात. शेतकरी त्याला ‘कागद’ म्हणतात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण शाळेत आपण सर्वांनीच गिरवली आहे. शेततळे थेंबाथेंबाने साचत नाही. पावसाळ्यात आणि पाट चालू असताना विहिरीवरची मोटर रात्रंदिवस चालते आणि जमिनीच्या पोटातले पाणी वर आणून उन्हात ठेवले जाते. हे शहाणपणाचे आहे की नाही, यावर जाणकारांत वाद आहेत आणि आम्हांलाही शंका आहे. परंतु फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठला, की त्याच पाण्यावर उन्हाळ कांदा पोसला जातो आणि द्राक्षबाग तगते, हेही आम्ही पाहिले आहे. ज्याच्या मुलीची फी त्या कांद्यावर ठरते, त्याला शंका सांगायला जाण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाने नव्या शेततळ्याला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावले. दोन भावांनी कर्ज काढून ते केले होते. पाणी काठोकाठ होते. (‘काठोकाठ’ हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी सहज आला, आज तो लिहिताना हात अडखळतो.) आम्ही प्रार्थना म्हटली, तीर्थ शिंपडले आणि चार शब्द बोललो. सेमिनरीत कमावलेली भाषा अशा वेळी उफाळून येते. “आजपासून तुमच्या अंगणात सरोवर आले आहे,” असे आम्ही म्हणालो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आम्ही संत लूकविषयीही बोललो. गालीलच्या पाण्याला इतर तिघे शुभवर्तमानकार समुद्र म्हणतात. एकटा लूक त्याला सरोवर म्हणतो. त्यावरून नेमका शब्द वापरण्याचे महत्त्व वगैरे वगैरे. मग कडेने एक फेरी मारताना ओल्या कागदावर आमचा बूट घसरला. थोरल्या भावाने चटकन हात धरला. सगळे हसले. आम्हीही हसलो आणि गुळाचा शिरा खायला घरात गेलो.

एप्रिल २०२४. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. निर्यातबंदी उठलेली नव्हती, भाव पडलेले होते, तरी कांदा जमिनीत ठेवून चालत नाही. त्या शेतावर सुरगाणा तालुक्यातील तीन मजूर कुटुंबे कामाला आली होती. दुपारी जेवून मंडळी लिंबाखाली आडवी झाली. त्यांच्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा शेततळ्याकडे गेला. ऊन मी म्हणत होते. पाणी निळे दिसत होते. कुंपण नव्हते. चपला त्याने कडेला नीट जोडून ठेवल्या होत्या.

आम्हांला निरोप मिळाला तेव्हा त्याला बाहेर काढलेले होते. पाणी निम्म्यावर आले होते आणि कागदाचा उतार उघडा पडला होता. त्यावर हिरवे शेवाळ धरले होते. त्या शेवाळात बोटांच्या ओळी होत्या. एका ठिकाणी नव्हे, चार-पाच ठिकाणी. बाजू बदलून बदलून त्याने पाहिले होते.

सरकारी सोपस्कार आटोपेपर्यंत रात्र झाली. धाकट्या भावाने पिकअप काढली आणि आम्ही त्या माणसांबरोबर निघालो. पिंपळगाव, वणी, मग घाट. कुणी बोलत नव्हते. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते. आमचे तेथे काही काम नव्हते. पण थोरला भाऊ घराबाहेर येऊ शकत नव्हता, आणि त्याच्या वतीने कुणीतरी त्या आईबापांसमोर उभे राहायला हवे होते. पहाटे अंत्यविधी झाला. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “त्याला पोहता येत होतं.” तक्रारीचा सूर त्यात नव्हता. हिशेब कुठे चुकला, तेवढेच ती शोधत होती. उजाडल्यावर बापाने आम्हांला गावाखालच्या नदीचा डोह दाखवला. डोह खोल होता, शेततळ्याहून निश्चितच खोल. पण एका बाजूला वाळू होती, दुसऱ्या बाजूला उंबराची मुळे पाण्यापर्यंत उतरलेली होती, आणि मुलांच्या पायांनी ती मुळे गुळगुळीत झाली होती.

लासलगावी परतलो तेव्हा त्या दोन भावांचे आजोबा ओट्यावर बसलेले होते. नव्वदीकडे झुकलेला माणूस. एरवी फारसे बोलत नाही. आमच्याकडे न पाहताच म्हणाले, “याला तळं कुणी म्हटलं, फादर? तळ्याला काठ असतो. याला नुसती कड आहे.”

त्यांना उत्तर नको होते. पण उत्तर आमच्याजवळ होते. शेततळे हा शब्द सरकारी कागदावरचा. त्याच्यापुढे पाऊल टाकून त्याला सरोवर म्हणणारे आम्ही! बूट घसरला तेव्हा पायाला जे कळले, ते आमच्या डोक्यापर्यंत पोचले नव्हते. विटांच्या नाहीतर मातीच्या हौदाला ‘हौद’ म्हटले, तर आई मुलाला त्याच्याजवळ जाऊ देत नाही. ‘तळे’ म्हटले, की मूल आपल्या गावच्या पाण्याच्या आठवणीने चपला काढते. दोष सगळा शब्दाचा, असे म्हणून आम्हांला सुटायचे नाही. चाळीस हात दोर तेथे बांधलेला असता, तर नाव काहीही चालले असते.

आता त्या मागच्या बाकावरील मुलाचा प्रश्न वर्गाला का गप्प करून गेला, ते वाचकांच्या लक्षात आले असेल.

पुढच्या रविवारी उत्तर देणे भाग होते. आठवडाभर आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो. नेसच्या राक्षसाची सर्वांत जुनी गोष्ट आपल्या एका संताच्या चरित्रात आहे. संत कोलंबा आयर्लंडहून गेला आणि त्याने ५६३ च्या सुमारास आयोना बेटावर मठ स्थापन केला. पुढे सुमारे शंभरावर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख आडम्नान याने त्याचे चरित्र लिहिले. त्यात असे आहे, की कोलंबा नेस नदीच्या तीरावर आला तेव्हा तेथील लोक एका माणसाला पुरत होते. पोहताना पाण्यातील श्वापदाने त्याला धरले होते. पुढे कोलंबाने क्रुसाची खूण करून त्या श्वापदाला परतवले, ती कथा सर्वत्र सांगितली जाते आणि चित्रातही तीच काढतात. आम्ही ती पूर्वी अनेकदा वाचली होती. गोष्टीची सुरुवात एका दफनविधीने होते, याकडे मात्र आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

दुसरी गोष्ट यिर्मया संदेष्ट्याची. त्याला राजवाड्यातील माणसांनी टाक्यात सोडले. त्यात पाणी नव्हते, चिखल होता. लॅटिन बायबलमध्ये त्या टाक्याचे नाव पुन्हा ‘लाकुस’. एबद-मलेख नावाच्या परक्या देशाच्या, कूशी चाकराने राजाकडे जाऊन परवानगी मागितली आणि तो दोर घेऊन आला. येताना त्याने फाटक्या चिंध्याही आणल्या. त्या काखेत धर, म्हणजे दोर काचणार नाही, असे त्याने वरून ओरडून सांगितले. तोवर आम्ही या अध्यायावर अनेक प्रवचने दिली होती. सत्यासाठी सोसलेल्या छळावर. चिंध्यांवर एकही दिले नव्हते. कुणाला वर काढायचे तर त्याच्या काखेचा विचार आधी करावा लागतो, हे त्या चाकराला ठाऊक होते.

आणखी दोन जागा सापडल्या. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात एक साधा कायदा आहे. कुणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई खड्ड्याच्या मालकाने द्यायची. ग्रीक भाषांतरात तेथे ‘लाक्कोस’ हाच शब्द आहे. आणि संत मार्कच्या बाराव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला तर आमच्या निफाड तालुक्यातल्या माणसाला पाठच असतो. त्या मालकाने मळा लावला, कुंपण घातले, आणि मग रसासाठी कुंड खणले. लॅटिनमध्ये ते कुंडही लाकुसच. क्रम पाहावा, कुंपण आधी आहे.

हे सगळे आम्ही मुलांना सांगितले आणि त्याच दिवशी मिस्सेत मोठ्यांनाही सांगितले. शब्दांचे मूळ सांगताना मोठी माणसे जरा चुळबुळली. दोराचा विषय निघाला तेव्हा स्थिर झाली. मिस्सेनंतर अंगणात वाद झाला. तो झाला हे बरेच झाले. “फादर, क्विंटलमागे खर्च सुटत नाही, कुंपणाला पैसे कुठून आणू?” असे एकाने विचारले. त्याचे खोटे नव्हते. चारी बाजूंना जाळी मारायची तर पैसे लागतात. दुसरा म्हणाला, “आमच्याकडे मजुरांची मुलं येतच नाहीत.” त्याला कुणी उत्तर दिले नाही, पण त्याच्या पत्नीने त्याच्याकडे जे पाहिले ते आम्ही पाहिले. म्हाताऱ्या आजोबांनी ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण काढली. एरवी ही म्हण आपण लाचखाऊ माणसाला उद्देशून वापरतो. त्यांनी ‘राखील’ या शब्दावर जोर दिला आणि काठी टेकत निघून गेले.

तरुण मंडळाच्या मुलांनी नायलॉनचा दोर आणला. हातभर अंतरावर एक अशा गाठी मारायच्या, वरचे टोक कडेपासून दूर रोवलेल्या खुंटाला बांधायचे, खालचे टोक तळापर्यंत सोडायचे. चार बाजूंना चार दोर. शिवाय ट्रकच्या चाकाची हवा भरलेली एक ट्यूब पाण्यावर. आठवीतल्या त्या मुलीला आमच्यापेक्षा चांगल्या गाठी येतात. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक शेततळ्यांना दोर लागले. काहींनी पुढे जाळीही मारली. एकाने नुसतीच ‘पोहण्यास मनाई’ अशी पाटी लावली. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. आणखी एकाने ट्यूब ठेवली आणि दोर सोडून कांद्याच्या ट्रॉलीला बांधला. त्याच्याकडे आम्ही दर महिन्याला चहाला जातो. चहा पिऊन मागच्या बाजूला चक्कर मारतो. सध्या दोर जागेवर आहे.

ज्यांच्या शेतात ते घडले, त्या भावांनी सुरगाण्याच्या त्या कुटुंबाला काय दिले, हे त्यांचे त्यांनाच माहीत. आम्ही विचारले नाही. थोरला अजून त्या बाजूला फिरकत नाही. मोटर धाकटाच सुरू करतो.

यंदा फेब्रुवारीत दुसऱ्या एका कुटुंबाने नव्या शेततळ्याच्या आशीर्वादासाठी बोलावले. पाणी भरलेले होते, मंडळी जमली होती, शिऱ्याचा वास येत होता. प्रार्थनेचे पुस्तक आम्ही मुलाच्या हाती दिले, बूट-मोजे काढले, झगा कमरेला खोचला आणि दोर धरून उतारावर उतरू लागलो. घरमालकीण घाबरून म्हणाली, “अहो फादर, पडाल!” गुडघ्याला पाणी लागेपर्यंत आम्ही गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या देहाला वर येणे सोपे नव्हते. तिसऱ्या गाठीपर्यंत हात ठीक आला, चौथी गाठ हातातच सरकली. सैल होती. वर आल्यावर ती सोडून पुन्हा घट्ट मारून घेतली, उरलेल्या तीन बाजूंच्या गाठीही ओढून पाहिल्या, आणि मग हात पुसून पुस्तक मागितले.